साप चावल्यावर पहिला डोस गावाजवळच्या दवाखान्यातच द्या : खानदेशच्या आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
आरोग्य विभाग, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री, आमदार आणि खासदार

साहेब, नमस्कार.

पाऊस लागलाय. कपाशी वर आली, बायांची निंदणी सुरू झाली, वावरात-बांधावर गवत गुडघ्याला आलं. आणि दर पावसाळ्यात येते तशी बातमी यंदाही वाचली की साप चावल्याची लस सगळीकडे पुरेशी आहे, नागरिकांनी घाबरू नये. लस नाहीये असं मी म्हणतच नाही. ती कपाटात असेल, रजिस्टरला तिचा आकडाही बरोबर असेल. माझं म्हणणं वेगळं आहे. रात्री दोन वाजता माणूस दारात आणला तर ती लस त्याच्या शिरेत जात नाही, त्याला पुढे पाठवलं जातं, आणि त्या पुढे जाण्याच्या रस्त्यावर आमची माणसं मरताहेत. हे पत्र त्यासाठी आहे. तुमच्या टेबलावर येईल तेव्हा येईल, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय.

माझा यात संबंध काय ते आधी सांगतो. मागच्या श्रावणात, कानबाईचे रोट होऊन थोडेच दिवस झाले होते, आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराला, मण्यार चावली. सातपुड्यातला पावरा समाजाचा पोरगा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल धरलेलं, त्याआधीही दोन-तीन सालं आमच्याकडेच होता, घरच्यासारखाच. वावरातल्या खोलीत राहायचा. बाज एकच, तिच्यावर दोन्ही पोरं झोपलेली, तो आणि त्याची बायको खाली गोधडीवर. मध्यरात्रीनंतर पोटात दुखतंय म्हणून उठला. साप कोणी पाहिला नाही, चावल्याची खूणही सापडली नाही, जेवण बाधलं असेल असंच वाटलं सगळ्यांना. मण्यारचं हेच असतं, दात इतके बारीक की झोपेतल्या माणसाला कळतही नाही. मला फोन आला, मी पोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, मान पुढे पडत होती आणि पापण्या अर्ध्यावर आलेल्या. मला म्हणाला, "भाऊ, मना डोया उघडी नई ऱ्हायनात." बोटाने स्वतःच पापणी वर करून माझ्याकडे बघत होता.

ते बघितलं आणि मला कळलं की हे पोटाचं नाही.

अँब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या केसवर होती, म्हणून गावातल्याच एकाचा छोटा हत्ती टेम्पो काढला. पहिल्या दवाखान्यात (कुठला ते लिहीत नाही, एका दवाखान्याचं नाव घेऊन हा प्रश्न तिथेच संपवायचा नाहीये मला) सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हते. सिस्टरने बीपी पाहिला, सलाईन लावली आणि म्हणाली, इथे देता येणार नाही, पुढे न्या. पुढच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी विचारलं साप कोणता, आम्ही म्हटलं पाहिला नाही, ते म्हणाले खूण नाही, साप नाही, लस दिली आणि रिअ‍ॅक्शन आली तर इथे सांभाळायची सोय नाही, सिव्हिलला घेऊन जा. चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत वरती सर्पदंश, पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली रेफर. सिव्हिलच्या अलीकडेच त्याचा श्वास थांबला. गाडीत आमच्याजवळ काहीच नव्हतं. त्याची बायको त्याची छाती चोळत होती.

आता माझे मुद्दे. रागात शिव्या देऊन काही होत नाही, आणि सिस्टर-डॉक्टरांशी माझं वैरही नाही, त्यांच्यावर काय काय लोड असतो ते दिसतं आम्हाला. पण या गोष्टी बोलल्याच पाहिजेत.

पहिलं हे रेफरचं. साप चावल्यावर वेळ हीच खरी गोष्ट आहे हे तुमच्याच भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे जास्त माणसं मारणारे साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि आपली लस चारींवर मिळून एकच आहे, म्हणजे साप कोणता हे कळलं नाही तरी लस तीच. केंद्राच्या उपचाराच्या सूचना सांगतात की लक्षणं दिसली की लस सुरू करा, साधारण 10 व्हायलने (लसीच्या छोट्या बाटल्या), लहान मुलाला असो की मोठ्याला सुरुवातीचा डोस तोच, आणि आधी टेस्ट डोस देत बसू नका. पापण्या पडणं हे विष चढल्याचं ठळक लक्षण आहे. मग साप आणून दाखवा हा हट्ट कशाला? आमच्याकडे लोक याच हट्टापायी मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणतात, तो मारायच्या नादात अर्धा तास जातो आणि कधीकधी दुसराच माणूस चावून घेतो.

रिअ‍ॅक्शनची भीती मी समजू शकतो. लस घोड्याच्या रक्तातून बनते, त्यामुळे काहींच्या अंगावर पित्त उठतं, काहींचा बीपी पडतो, दम लागतो. पण त्यावर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन असतं, स्वस्त आहे, ते भरून शेजारी ठेवायचं असतं. रिअ‍ॅक्शन येईल म्हणून लस न देणं म्हणजे जे होईल की नाही माहीत नाही त्याला घाबरून जे डोळ्यासमोर होतंय ते होऊ देणं. डॉक्टर तरुण असतात, बरेच बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेले, त्यांनी आयुष्यात एकही मण्यारची केस पाहिलेली नसते, एकट्याने रात्री निर्णय घ्यायचा, उद्या काही झालं तर नातेवाईक अंगावर येणार. ते घाबरणारच. त्यांना शिकवणं आणि त्यांच्या मागे उभं राहणं हे तुमचं काम आहे, आणि ते होत नाहीये.

आणि हे जमतं, साहेब. आमच्याच शिवारात एका मुलीला चारा कापताना घोणस चावली, पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिला ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तिथल्या डॉक्टर मॅडमनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर ठेवून दिली, कोणालाही हात लावू दिला नाही. वीस मिनिटांनी तिरपी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे गोठत नाहीये, म्हणजे विष रक्तात गेलंय. लगेच लस लावली, एक हात तिच्या नाडीवर ठेवून स्वतः शेजारी बसल्या, आणि पहिला डोस गेल्यावरच वर पाठवली. पोरगी आज कॉलेजला जाते. या टेस्टला मशीन लागत नाही, लाइट लागत नाही, फक्त कोरडी स्वच्छ काचेची नळी लागते. प्लास्टिकची चालत नाही. किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती काचेची नळी आहे, एवढं तरी तपासा.

कोणी म्हणेल छोट्या दवाखान्यात असलं काम होत नसतं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात केली आणि त्याच भागात काम करताना विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला, त्याने मरणारी माणसं वाचायला लागली, जगभरच्या डॉक्टरांनी तो घेतला, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. तेही सरकारी दवाखान्यातच होते ना.

दुसरा मुद्दा श्वासाचा, आणि हा मला सगळ्यात जास्त छळतो. मण्यारच्या विषाने माणूस मरतो तो श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे. हृदय चालू असतं. लस दिली तरी मण्यारमध्ये लुळेपणा लगेच उतरत नाही, नागाच्या विषावर निओस्टिग्मिन या इंजेक्शनचा जसा गुण येतो तसा इथे बऱ्याचदा येत नाही, त्यामुळे काही दिवस माणसाला बाहेरून श्वास द्यावा लागतो आणि मग तो उठून बसतो. कधीकधी तर बाहुल्या पसरलेल्या असतात, हाक मारली तर पापणी हलत नाही, मेलाच असं वाटतं, आणि तरी तो जिवंत असतो. व्हेंटिलेटर प्रत्येक गावात ठेवा असं कोणी म्हणत नाहीये. पण अँबू बॅग, ती हाताने दाबायची रबराची पिशवी, ती तर ठेवता येईल? ती दाबत दाबत माणसाला धुळ्या-जळगावपर्यंत जिवंत नेता येतं. सिस्टरला येतं, आशाताईंना शिकवलं तर त्यांनाही येईल, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही येईल. त्या रात्री आमच्या गाडीत चार माणसं होती, आळीपाळीने दाबली असती आम्ही सकाळपर्यंत. दोन्ही दवाखान्यांनी आम्हाला चिठ्ठी दिली, ती पिशवी आणि ती दाबणारं एक माणूस सोबत दिलं नाही.

तिसरं, रात्री डॉक्टर मुक्कामी नसणं. यावर खूप लिहून झालंय, क्वार्टर पडके आहेत, पाणी नाही, पोरांना शाळा नाही, ही सगळी कारणं खरी आहेत. मग क्वार्टर दुरुस्त करा. मैदानात 30,000 लोकांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारचा निकष आहे, पण केंद्राची बिल्डिंग असणं वेगळं आणि रात्री तिथे दिवा लागलेला असणं वेगळं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माणसाला आधी झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, मग गाडी, मग घाट. तिथे "पुढे न्या" म्हणणं किती महाग पडतं ते तुम्हीच बघा.

इथेच भगताचं बोलतो. प्रत्येक बैठकीत अधिकारी सांगतात की लोक अडाणी आहेत, भगताकडे जातात, उशीर करतात, म्हणून दगावतात. भगताने विष उतरत नाही, हे मी गावात उघड बोलतो, त्यावरून भांडणंही झालीत. पण भगत रात्री दोनला दार उघडतो. घरातच असतो, पायी चालून जाता येतं, पैसे नंतर दिले तरी चालतात, आणि तो पुढे न्या म्हणत नाही. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या माणसाच्या घरचे घाबरून जिथे कोणी हात धरेल तिथे जातात. तुमच्या दवाखान्याचं दार तसं उघडायला लागलं की भगताकडची वाट आपोआप मोडेल, त्यासाठी वेगळं प्रबोधन लागणार नाही.

चौथं, मोजणी. देशात 2000 ते 2019 या काळात साप चावून साधारण 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असं मिलियन डेथ स्टडी या मोठ्या अभ्यासातून 2020 मध्ये पुढे आलं. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. ज्या राज्यांत सगळ्यात जास्त मृत्यू आहेत त्यात आपले दोन्ही शेजारी आहेत, मध्य प्रदेश आणि गुजरात. सातपुड्याच्या पलीकडे इतकी माणसं मरत असतील तर अलीकडे साप काही वेगळे नाहीत. सरकारी कागदावर मात्र दवाखान्यात पोचलेलेच येतात, जो घरी किंवा गाडीत गेला तो बऱ्याचदा कुठेच येत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं त्यात ठरलंय. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की सर्पदंशाची प्रत्येक केस आणि प्रत्येक मृत्यू कळवणं बंधनकारक करा, खाजगी दवाखान्यांनाही. माझा साधा प्रश्न आहे, आमच्या सालदाराचा मृत्यू तुमच्या कुठल्या रजिस्टरला आहे? निम्मे करायचे म्हणता तर कशाच्या निम्मे?

पाचवं आरोग्य विभागाच्या हातात नाही, म्हणून हे आमदार-खासदारांना. शेतीची लाइट आलटून पालटून रात्री देतात. लाइट रात्री आली की मोटर चालू करायला, ड्रिपचे वॉल बदलायला, गहू-हरभऱ्याला बारे द्यायला माणूस अंधारात, चिखलात, पायात चप्पल असली तर असली असा वावरात जातो. घोणस, नाग तिथेच असतात, उंदरांमागे आलेले. ज्या वेळी डॉक्टर नसतो त्याच वेळी आम्हाला वावरात पाठवलं जातं, हे दोन्ही एकत्र जोडून कोणी बघत नाही. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. तुमच्या मतदारसंघातले किती शेती फीडर आज खरोखर दिवसा चालतात ते सांगा. नुसतं उद्घाटनाचा फोटो नको.

सहावं पैशाचं, आणि हे सालदाराच्या बायकोच्या वतीने लिहितोय. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत साप चावून मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात. पण कोणाला, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. सालदाराच्या नावावर सातबारा कुठून असणार? रात्री खोलीवर राहतो तो, अंधारात मोटर चालू करायला जातो तो, आणि योजनेत नाही तोच. साप मालक कोण बघून चावत नाही. त्याची बायको पोरांना घेऊन परत पाड्यावर गेली, आम्ही घरच्यांनी जमेल ते केलं, पण ती आमची मर्जी झाली, तिचा हक्क नाही झाला. सालदार आणि शेतमजूर यांना या योजनेत घ्या, ग्रामसेवकाचा किंवा मालकाचा दाखला पुरावा म्हणून धरा.

एक लसीबद्दलही लिहितो, हे जरा लांबचं काम आहे पण सुरुवात करावी लागेलच. देशातल्या लसीसाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीतून येतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे एकीकडच्या विषावर बनलेली लस दुसरीकडे कमी पडू शकते. आपल्याकडच्या नागाचं, मण्यारचं विष तपासून लस इथे किती लागू पडते ते बघायला काय हरकत आहे? मुंबईतली हाफकिन राज्य सरकारचीच आहे. राज्याने मनावर घेतलं तर होईल. पण कृपा करून या मुद्द्याच्या आड लपून आज असलेली लस देणं थांबवू नका. आज आहे ती लसच हजारो जीव वाचवते.

आता मागण्या, एकदम साध्या.

पावसाळा संपेपर्यंत तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किमान 20 व्हायल लस, अ‍ॅड्रेनालिन, निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन, काचेच्या नळ्या आणि मोठ्यांची-लहानांची अशा दोन अँबू बॅगा ठेवा, आणि त्याचा बोर्ड बाहेर लावा, रोजच्या तारखेचा.

लक्षणं असलेल्या पेशंटला पहिला डोस दिल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही असा लेखी आदेश काढा. दिला नाही तर का नाही ते रेफरच्या चिठ्ठीवरच लिहायचं. आणि श्वास कमी पडतोय अशा पेशंटसोबत अँबू बॅग वापरता येणारं माणूस गाडीत बसलंच पाहिजे.

तिन्ही जिल्ह्यांसाठी चोवीस तास एक फोन नंबर द्या, ज्यावर मेडिकल कॉलेजचा अनुभवी डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नवीन डॉक्टरशी बोलेल आणि डोस चालू असेपर्यंत लाइनवर राहील. याला फार खर्च नाही. रात्री एकट्या असलेल्या डॉक्टरला दुसरं एक माणूस फोनवर असलं की त्याचा हात थरथरत नाही.

तालुक्याप्रमाणे महिन्याला किती केसेस, किती मृत्यू, किती जणांना पहिला डोस कुठे मिळाला, हे जाहीर करा. गाडीत आणि घरी झालेले मृत्यूही ग्रामपंचायतीकडून घेऊन त्यात धरा.

शेतमालक भावांनो, तुम्हालाही सांगतो. सालदाराच्या खोलीत प्रत्येकाला बाज आणि गादीखाली खोचता येईल अशी मच्छरदाणी हे आखाजीला साल ठरवतानाच ठरवा, त्याच्याबरोबर टॉर्च आणि बूट. चावलं तर पाय बांधू नका, कापू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका, हात-पाय हलू न देता लगेच दवाखान्यात न्या.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही याच मागण्यांचा ठराव मांडतोय, आजूबाजूच्या गावांनाही मसुदा पाठवलाय, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा, गावाचं नाव बदलून वापरावा. त्या ग्रामसभेला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज रात्री साप चावलेला माणूस आणला तर त्याला लस कोण देणार, त्या माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर सगळ्यांसमोर सांगावा. बाकीची उत्तरं लेखी द्या.

आपला,
एक शेतकरी, सातपुड्याच्या पायथ्याहून